कायगाव टोका : दोन काठ, एक नाव

आजचा एपिसोड एका गावावर आहे. राजवाडा नाही, किल्ला नाही, रील काढायला लोक जातात असा धबधबा पण नाही. पण तुमच्यातले निम्मे लोक तिथून शंभर वेळा गेलेले असणार, ही माझी खात्री आहे.

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला येताना नेवासा फाटा मागे टाकला की थोड्या वेळात प्रवरासंगम येतं. मग लांबलचक पूल. खाली पाणीच पाणी. एसटीत बसलेली एखादी आजी खिडकीतून नाणं टाकते, हात जोडते, आणि पलीकडे आपला गंगापूर तालुका सुरू होतो. पूल उतरल्यावर लागतं ते कायगाव. गाडी थांबली तर चहा, नाहीतर सरळ पुढे वाळूज. आपल्यासाठी कायगाव म्हणजे एवढंच. एक पूल.

आणखी एका कारणाने हे नाव तुमच्या कानावर आलेलं असेल. २३ जुलै २०१८. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आपल्याच तालुक्यातल्या एका तरुणाने याच पुलावरून गोदावरीत उडी घेतली आणि जीव दिला. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक चॅनेलवर कायगाव टोका हे नाव होतं. आठवडाभर होतं, मग गेलं. त्या आठवड्यात मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. मित्र विचारायचे, "अरे, हे तुमच्याकडचंच ना? कसलं गाव आहे?" त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायला मला आज हा एपिसोड करावा लागतोय.

आधी एक गंमत. इंटरनेटवर गंगापूर शोधलं की पहिलं येतं गंगापूर धरण. ते नाशिकला आहे. त्याच गोदावरीवर, पण आपल्या कितीतरी वर. दुसरं येतं गाणगापूर, दत्ताचं, कर्नाटकातलं. आपलं गंगापूर त्यानंतर. आणि कायगाव शोधलं तर लोकसंख्या, पिनकोड, एक हवामान, संपलं. म्हणून म्हटलं, आपणच सांगू.

तर नकाशा डोळ्यांसमोर आणा. गोदावरी नाशिककडून येते. दक्षिणेकडून प्रवरा येते, नेवाशाला वळसा घालून. हो, तेच नेवासा, जिथं शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या दोन नद्या जिथं भेटतात तिथं दक्षिण काठाला टोका आणि प्रवरासंगम. तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचा अहमदनगर. उत्तर काठाला कायगाव. तालुका गंगापूर. दोन गावं, दोन तालुके, दोन जिल्हे, दोन महसुली विभाग. तरी बोलताना कुणी नुसतं कायगाव म्हणत नाही. कायगाव टोका. एका दमात.

ही जोडी कशी जमली, याची गावातली गोष्ट रामायणातली आहे. पंचवटीहून राम सोन्याच्या हरणामागे निघाला, मारीच तो. या काठावर त्याला बाण लागला. हरणाची काया जिथं पडली ते कायगाव. टोक्याबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं बाणाचं टोक तिथं पडलं, कुणी म्हणतं हरणाचं डोकं. आता मी इंजिनिअर माणूस, नाव असंच पडलं यावर मी पैज लावणार नाही. अशा व्युत्पत्त्या आपल्याकडे गावोगाव आहेत. पण ही गोष्ट ज्यांनी रचली त्यांनी एक काम फार नीट केलंय. एका शरीराचे दोन भाग, मध्ये नदी. ते दोन गावांना वेगळं धरतच नाहीत. पुढचा सगळा इतिहास ऐकताना हे लक्षात ठेवा, कारण पुढे जो कुणी आला त्याने हे शरीर कापायचाच प्रयत्न केला.

आता अठराव्या शतकात येऊ. काशीला गेलाय का कुणी? वाराणसीला घाटांची रांग आहे, त्यात दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट असे शेजारी शेजारी दोन घाट आहेत. ते १७४० च्या सुमारास बांधले नारायण दीक्षितांनी. नारायण दीक्षित पाटणकर. पेशव्यांच्या घराण्यात त्यांना गुरूचा मान. आणि त्यांना ओळखलं जायचं कशावरून? कायगावकर दीक्षित. आपलं कायगाव!

म्हणजे विचार करा, ना रेल्वे, ना हायवे, आणि गोदावरीच्या काठच्या एका खेड्यातलं घराणं काशीत जाऊन घाट बांधतंय. पण ते गाव सोडून गेले असं नाही. पत्रं येत राहिली. काशीहून कायगावला, मोडीत. उत्तरेत कोण कुठं चाल करतंय, कुणाची फौज कुठं उतरलीय, सगळं. त्यातली बरीच पत्रं पुढे इतिहास संशोधकांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं म्हणून छापली. पानिपतच्या आगेमागे उत्तरेत काय चाललं होतं हे जाणून घ्यायला आज अभ्यासक ज्या कागदांकडे जातात, त्यात कायगावकरांचे कागद आहेत. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. टीममधल्या बनारसच्या पोरालाही सांगितलं. तो म्हणाला, "घाट तो हमारा है." म्हटलं, घाट तुझा, बांधणारा आमचा.

संगमावरचं तीर्थ म्हणून या दोन्ही काठांना तेव्हा मोठा मान होता. देवळं होती, ब्राह्मण वस्ती होती, पर्वणीला गर्दी होती. आणि अशी जागा लढाईच्या रस्त्यावर असली की काय होतं, ते १७६१ ला झालं.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. गादीवर आले माधवराव, वय १६. पुण्यात काका-पुतण्यात कुरबूर. निजाम अलीने ही वेळ साधली आणि वर्षाच्या शेवटाला फौज घेऊन तो पुण्यावर निघाला. त्या वाटेवर टोका होतं. तिथली देवळं त्याने फोडली.

याचा परिणाम काय झाला तर त्याच्याच फौजेत फूट पडली. त्याच्या सैन्यात मराठे सरदार होते. सिंदखेडच्या जाधवांचे वंशज रामचंद्र जाधव हे त्यातले मोठे. टोक्याची देवळं पडल्यावर ते बिथरले, आणि निजाम अलीचा धाकटा भाऊ मीर मोगल याला बरोबर घेऊन पेशव्यांना येऊन मिळाले. पुण्याच्या जवळ, उरुळीपाशी निजामाची कोंडी झाली आणि जानेवारी १७६२ मध्ये तह झाला. आता फितुरीला पैसा, जहागीर, मानपान अशी इतरही कारणं असतात, देवळं हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. आणि याला सरळ हिंदू-मुसलमान असा रंग द्यायचा म्हटलं तरी जमत नाही, कारण फोडणाऱ्याच्या बाजूला मराठे सरदार होते आणि सोडून येणाऱ्यांत निजामाचा भाऊ होता. दीड वर्षाने, १० ऑगस्ट १७६३ ला, याच गोदावरीवर खाली बीड जिल्ह्यात राक्षसभुवनला माधवरावांनी निजामाचा मोठा पराभव केला. तो सगळ्या पुस्तकांत आहे. टोक्याला एक ओळ मिळते.

काठावर पुन्हा देवळं उभी राहिली. टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर तुम्ही पाहिलं नसेल तर पुढच्या वेळी गाडी दहा मिनिटं थांबवा. पेशवाईतलं दगडी काम आहे, भिंतींवर रामायणातले आणि अवतारांचे प्रसंग कोरलेत. अलीकडे कायगावला रामेश्वर. श्रावणात सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते.

मग १८१८. पेशवाई संपली, नगरचा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि आपला काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. दोघांची हद्द कुठं? गोदावरी. म्हणजे टोका इंग्रजांचं, कायगाव निजामाचं. आणि हे दोन-चार वर्षं नाही, १९४८ पर्यंत. १३० वर्षं.

इथं मला जरा थांबायचंय, कारण सीमा म्हटलं की आपल्याला वाघा बॉर्डर आठवते, तारेचं कुंपण आठवतं. इथं तसं काही नव्हतं, नदी होती आणि नावा होत्या. पण पलीकडे इंग्रजी रुपया, अलीकडे निजामाचा हाली सिक्का. दोघांची किंमत सारखी नाही. साधारण ६ इंग्रजी रुपयांना ७ हाली. अलीकडे सरकारी कारभार उर्दूत, वर्ष मोजायचं फसलीत. माल इकडून तिकडे नेला की करोडगिरी, म्हणजे जकात. बाजार पलीकडे, शेत अलीकडे, सोयरिक दोन्हीकडे. माझ्या आईच्या आईचं माहेर याच गंगथडीचं. तिच्या एका आत्याला नगरच्या बाजूला दिली होती. आज्जी सांगते, आत्या माहेरी आली की म्हातारे तिला चिडवायचे, "आली गं इंग्रजाची सून."

ही सीमा १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर संपली. पुढे १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. कागदावरची सीमा गेली. जिभेवरची नाही गेली. जमीन सरकारने घेतली तर आपण काय मागतो? मावेजा. पलीकडे मोबदला. आपल्याकडे म्हातारा माणूस स्वतःला कास्तकार म्हणतो. आपण माल मोंढ्यावर नेतो. हे सगळे शब्द निजामाच्या दप्तरातून आपल्या घरात आलेत आणि आता कुणी काढून नेऊ शकत नाही. पुण्यातल्या ऑफिसात मी मावेजा म्हटलं तर दोन मराठी माणसांनीच विचारलं, म्हणजे काय? मला लई भारी वाटलं, खरं सांगतो.

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा घाव. नदीच आली.

१८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. जायकवाडी. जवळपास १० किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, पूर्ण भरलं तर १०२ टीएमसीच्या आसपास पाणी. नाव नाथसागर. गंमत म्हणजे जायकवाडी हे गाव पैठणला नाहीच, ते बीड जिल्ह्यात आहे. धरणाचा मूळ विचार तिथला होता, जागा बदलली, नाव तसंच राहिलं. म्हणजे जे गाव बुडालं नाही त्याचं नाव धरणाला मिळालं. जी बुडाली त्यांची नावं कशालाच नाहीत.

धरण पैठणला, पण पाणी मागे फुगत जातं. पन्नासेक किलोमीटर मागे. ते फुगवट्याचं पाणी कायगावपर्यंत येतं. पुलावरून आपल्याला जे समुद्रासारखं दिसतं ना, ती गोदावरी नाही. तो धरणाचा फुगवटा आहे. गोदावरी त्याच्या तळाशी आहे, आणि तिच्या काठची काळी जमीन, मळे, विहिरी पण. गंगथडीची गावं उठली. आज कागदोपत्री जुने कायगाव आणि नवीन कायगाव अशी दोन नावं दिसतात, ती त्यामुळे.

मी धरणाच्या विरोधात बोलतोय असं समजू नका. संभाजीनगर शहर त्या पाण्यावर जगतं. वाळूजच्या कंपन्या त्यावर चालतात, आणि तुमच्यातले किती जण तिथं पंच करून आत्ता घरी निघालेत. खाली जालना, बीड, परभणीकडे कालव्यांनी शेती भिजते. हिशोब मांडला तर फायदा मोठाच आहे. पण तो हिशोब ज्या वहीत आहे, त्यात ज्यांचं गाव गेलं त्यांचं पान कुठंय? माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याच तालुक्यात, धरणाच्या पाण्यापासून थोडं वर, माळावर उन्हाळ्यात टँकर लागतो. पाणी डोळ्यांना दिसतं, हंड्यात येत नाही.

आता उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगतो, ही शहरातल्या श्रोत्यांना माहीत नसणार. पाणी मागे सरकायला लागलं की खालून गाळाची जमीन उघडी पडते. लोक तिच्यात पेरतात. त्याला म्हणतात गाळपेरा. ज्याची जमीन बुडाली तोच माणूस कधीकधी आपल्याच जुन्या शेतात, आता सरकारच्या जमिनीवर, चार महिन्यांचं पीक घेतो. पाणी किती दिवस लांब राहील त्याचा अंदाज घ्यायचा, पीक लवकर काढायचं, आणि पावसाळ्यात ते शेत परत धरणाला देऊन टाकायचं. दुष्काळी वर्षी पाणी फारच खाली गेलं की विहिरींची कडी, घराच्या जोत्यांचे दगड वर येतात. मग म्हातारी माणसं बघायला जातात. पोरं फोटो काढतात. हिवाळ्यात याच उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, फ्लेमिंगो. १९८६ ला हा सगळा भाग पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालाय. कॅमेरेवाले पुण्या-मुंबईहून येतात. पक्ष्यांची यादी आहे, नीट, शास्त्रीय नावासकट. बुडालेल्या आळ्यांची यादी नाही.

बेल्जियममध्ये अँटवर्प बंदराजवळ डूल नावाचं एक छोटं गाव आहे. बंदर वाढवायचं म्हणून ते गाव रिकामं करायचं ठरलं. हजारावर वस्ती होती, ती हळूहळू काही डझनांवर आली. घरांच्या भिंतींवर लोकांनी चित्रं काढली. काही जण हललेच नाहीत. खूप वर्षं कोर्टात भांडले आणि शेवटी २०२२ मध्ये सरकारशी समझोता झाला, गाव राहील. त्यांच्यात आणि आपल्यात मोठा फरक आहे. त्यांना भांडायला वर्षं मिळाली, आणि जे राहील ते कोरडं होतं. पाण्याखालचं गाव कोर्टात परत मिळत नाही. पण डूलच्या लोकांनी एक गोष्ट केली जी आपल्यालाही जमेल. त्यांनी गावाबद्दल बोलणं थांबवलं नाही.

आता हिशोब करा. १९७६ ला जे पोरगं १५ वर्षांचं होतं ते आज पासष्टीच्या घरात आहे. जुन्या कायगावच्या, किंवा गंगथडीच्या कुठल्याही उठलेल्या गावच्या वेशीतून जो शहाण्या वयात चालत गेलाय, तो आज सत्तरीच्या पुढे. म्हणजे आपल्याकडे फार तर दहा-पंधरा वर्षं आहेत. काशीची पत्रं छापली गेली कारण ती कागदावर होती. ही माणसं कागदावर नाहीत.

मी दिवाळीत आज्जीला मोबाईलसमोर बसवलं. "गावाच्या आठवणी सांग" म्हटलं तर ती दोन मिनिटांत गप्प झाली. मग युक्ती केली. म्हटलं, आज्जी, वेशीतून आत शिर आणि उजव्या हाताने चालत जा, कुणाचं घर लागतं? आणि ती चालायला लागली. हे सुताराचं, त्याच्या दारात कडुनिंब. मग मोठा वाडा, त्याची चौकट ते बैलगाडीत घालून नव्या गावात घेऊन गेले. मग पार. मग नदीकडं उतरायची वाट, पावसाळ्यात निसरडी. नाववाल्याला पैसे नव्हते द्यायचे, सुगीत धान्य द्यायचं. ४० मिनिटं ती चालत होती. १९ घरं सांगितली. विसाव्याला अडली. म्हणाली, "हे कुणाचं होतं रे? ती माणसं दुसरीकडं गेली, परत भेटली नाहीत."

तर तुमच्यासाठी काम. घरी गंगथडीचं कुणी म्हातारं माणूस असेल, कायगावचं, टोक्याचं, पैठणपर्यंतच्या कुठल्याही बुडीत गावचं, तर त्यांना हाच प्रश्न विचारा. वेशीतून चालायला लावा. फोनचं रेकॉर्डर चालू ठेवा, मध्ये बोलू नका. मावेज्याची जुनी पावती, उर्दूतला किंवा मोडीतला कागद असेल तर उन्हात नाही, खिडकीजवळच्या उजेडात सपाट ठेवून फोटो काढा. नकाशाची आवड असेल तर अमेरिकन सैन्याने १९५० च्या दशकात काढलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने ऑनलाईन ठेवलेत, फुकट. त्यात नाथसागर नाही, कारण तो तेव्हा नव्हताच. नुसती नदी आहे, बारीक निळी रेघ. तो नकाशा आणि आजचं सॅटेलाइट चित्र एकावर एक ठेवून बघा. मी एका रविवारी ते केलं आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

रेकॉर्डिंग मला पाठवा, आपल्या नेहमीच्या नंबरवर. एमपीथ्री असो, व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट असो, चालेल. गावाचं नाव आणि बोलणाऱ्याचं वय सुरुवातीलाच बोलून घ्या. पुढच्या महिन्यात टोक्याच्या बाजूने एपिसोड करायचाय, तिथला कुणी श्रोता असेल तर जरूर कळवा. आणि आज्जीच्या उजव्या हाताचं विसावं घर कुणाचं होतं, वाड्याच्या आणि पाराच्या पुढचं, नदीकडच्या उताराला, हे कुणाला माहीत असेल तर तेही.

भेटू.